मोटारगाड्या, अमेरिकन : मुंबईतील जुळणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंपन्यांच्या ज्या मोटारगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात आणून १९२८ ते सु. १९५५ या काळात मुंबईत जोडण्यात आल्या, त्यांचा समावेश या सदरात होतो. शेव्हरोले, ब्यूक, पाँटिॲक, फोर्ड, डॉज, प्लिमथ व डी सोटो ही त्यांतील प्रमुख नावे होत. या गाड्यांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. तथापि त्यातील बराच भाग आठवणींवर व ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याने सन, बनावट व निर्मितीचे ठिकाण या तिन्ही बाबतींत त्यात घोटाळे आढळतात. जोडलेली गाडी ‘येथे बनविलेली’ म्हणून सांगितली जाते. एकाच सांगाड्यावरील तीन नावांच्या गाड्या तीन भिन्न गाड्या म्हणून नोंदविल्या जातात, तर नोंदणीचे वर्ष हेच निर्मितीचे वर्ष मानले जाते. या उद्योगाचा इतिहास सांगताना हे भेद प्रथम ध्यानी घेणे आवश्यक ठरते, कारण ‘जोडणे’ आणि ‘बनविणे’ यांतील फरक हाच स्वातंत्र्यपूर्व काळातील एका मोठ्या औद्योगिक संघर्षाचा विषय होता.

मुंबईत मोटारगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव नेहमी घेतले जाते. अशा आरंभीच्या गाड्यांच्या संदर्भात एखाद्या अमेरिकन बनावटीचा उल्लेख आला, तर तो पारखून घ्यावा लागतो. उदा., ओल्ड्स कंपनीची स्थापना १८९७ मध्ये झाली, पण तिच्या वक्र दर्शनी फळीच्या लहान गाडीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९०१ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी मुंबईत ओल्ड्समोबिल गाड्या फिरत होत्या असे विधान स्वतंत्र पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही.

जुळणीचे कारखाने : जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. भारतातील मोटारगाड्यांच्या कारखानी जुळणीचा हा आरंभ होय. तेथून प्रथम शेव्हरोले गाड्या बाहेर पडल्या. पुढे ट्रक व बस यांच्या चासींची जुळणीही तेथे होऊ लागली. फोर्ड कंपनीने १९२६ मध्येच भारतात आपली उपकंपनी स्थापन केली होती व तीनेही नंतर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांत जुळणी सुरू केली. तिन्ही ठिकाणे बंदरे असावीत यात योगायोग नाही. पूर्ण गाडी जहाजातून आणावयाची तर ती फार जागा अडविते; तिचे भाग सुटे करून पेट्यांत भरले म्हणजे त्याच जागेत कितीतरी अधिक गाड्या मावतात. सुट्या भागांवरील जकातही कमी बसत असे. सांगाडा, एंजिन, दंतचक्रपेटी व पत्र्याचे भाग बाहेरून येत. येथे ते एकमेकांस जोडणे, रिबिटे व जोडकाम करणे, रंग देणे आणि आसनांची गादी-कातडी चढविणे एवढे काम स्थानिक कामगार करीत. हे काम कौशल्याचे होते यात शंका नाही, परंतु गाडीची रचना, धातुकाम वा एंजिन यांच्याशी त्याचा संबंध येत नव्हता.

या गाड्यांना ‘अमेरिकन’ म्हणण्याची रूढी असली, तरी त्यांतील अनेकांचे भाग प्रत्यक्षात कॅनडातून येत असत. फोर्डची भारतीय उपकंपनी ही डेट्रॉइटच्या नव्हे, तर फोर्डच्या कॅनडातील कंपनीच्या अखत्यारीत होती. ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या मालास जकातीत सवलत मिळे व १९३२ च्या ओटावा येथील करारांनी हे धोरण अधिक दृढ केले. त्यामुळे अमेरिकन कंपन्यांनी साम्राज्यातील बाजारपेठा आपल्या कॅनडातील कारखान्यांकडे सोपविल्या होत्या. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्याही तेथेच तयार होत. एखाद्या जुन्या शेव्हरोलेचे किंवा फोर्डचे मूळ शोधताना अमेरिकेतील उत्पादनाची यादी चाळून तिचा क्रमांक सापडत नाही, तेव्हा गाडी बनावट असल्याचा संशय घेण्याआधी कॅनडातील नोंदी पाहणे इष्ट असते.

वालचंद हिराचंद व प्रीमियर : सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना केवळ जुळणी नको होती. मोटार भारतात बनली पाहिजे हा विचार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडला होता. त्यांनी १९३५ च्या सुमारास परदेशांतील कारखाने पाहून त्यासंबंधीची योजनाही तयार केली. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने तीत रस घेतला. परंतु १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार तुटला. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेस गेले. फोर्डशी चाललेली त्यांची बोलणी निष्फळ ठरली. क्राइस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये सहकार्याचा करार झाला.

करार झाला तरी कारखाना उभा राहण्यास आणखी सात वर्षे लागली. हिंदुस्थान सरकारने युद्धकाळात या उद्योगास मान्यता, संरक्षण वा लष्करी मागणीची हमी देण्याचे नाकारले. युद्धप्रयत्नांस त्याचा उपयोग नाही, अशी सरकारची भूमिका होती. सैन्याला मोटारवाहनांची निकड असतानाच्या काळात घेतलेली ही भूमिका केवळ तांत्रिक विचारांतून आलेली होती, असे मानणे कठीण आहे. परदेशी कंपन्यांचे जुळणीचे कारखाने युद्धाच्या पुरवठ्यात गुंतलेले असताना देशी निर्मितीस वाव मिळू नये, ही गोष्ट तत्कालीन भारतीय उद्योगपतींच्या मनात दीर्घकाळ सलत राहिली. वालचंद यांनी याच सुमारास हाती घेतलेल्या इतर दोन उद्योगांची गती पाहिली, तर फरक स्पष्ट होतो : म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगलोर येथे विमानांचा कारखाना १९४० मध्ये स्थापन झाला व विशाखापटनम् येथील जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली. मोटार मात्र मागे राहिली.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये नोंदली गेली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. बिर्ला उद्योगसमूहाची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्येच स्थापन झाली होती. तिने गुजरातेतील ओखा बंदरात जुळणी आरंभिली व नंतर कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे कारखाना हलविला. ‘पहिली भारतीय मोटार कंपनी कोणती’ हा वाद या दोहोंमध्ये वारंवार घातला जातो. तो बहुधा निरर्थक असतो, कारण एक बाजू कंपनीच्या स्थापनेचे वर्ष पुढे करते, दुसरी परदेशी सहकार्याच्या कराराचे, तर तिसरा एखादा पहिली गाडी बाहेर पडल्याचे. शिवाय आरंभी दोन्ही कारखाने जुळणीच करीत होते. देशी भागांचे प्रमाण त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

कुर्ल्याच्या गाड्यांत डॉज किंग्जवे, प्लिमथ व डी सोटो डिप्लोमॅट या विशेष प्रसिद्ध झाल्या. त्या दिसावयास रुंद, जड व भारदस्त असत आणि त्यांत बाजूला झडपा असलेले सहा सिलिंडरांचे एंजिन असे. या तीन गाड्यांसंबंधीचा गैरसमज फार जुना आहे. अमेरिकेत डॉज व डी सोटो ही प्लिमथपेक्षा वरच्या दर्जाची व मोठ्या आकाराची वाहने होती. निर्यातीसाठी मात्र क्राइस्लर कंपनी प्लिमथचाच सांगाडा व साटा घेई आणि पुढील जाळी, चिन्हे व सजावट बदलून त्यास डॉज किंवा डी सोटो असे नाव देई. किंग्जवे आणि डिप्लोमॅट ही अशीच नावे होती. प्रत्येक नावाच्या विक्रेत्यास दुकानात ठेवण्यास स्वस्त गाडी मिळावी हा त्यामागील हेतू. म्हणून मुंबईची किंग्जवे आणि त्याच वर्षीची अमेरिकेतील मोठी डॉज यांची तुलना करून ‘आपल्याकडे निकृष्ट माल पाठविला’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. माल निकृष्ट नव्हता. नाव उसने होते. ट्रकांच्या बाबतीतही हेच घडले. डॉज व फार्गो ही एकाच ट्रकाची दोन नावे असून महाराष्ट्रातील बाजारसमित्यांच्या आवारांत ती दीर्घकाळ परिचित होती.

अमेरिकन वाहनांपैकी येथे सर्वांत खोल रुजली ती मात्र मोटार नव्हे, जीप होय. १९४५ मध्ये महिंद्र अँड महंमद या नावाने स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलिस कंपनीच्या जीपची जुळणी मुंबईत माझगाव येथे सुरू केली आणि क्रमाक्रमाने तिची निर्मितीही हस्तगत केली. मराठीत ‘जीप’ हे नाव पुढे कोणत्याही उघड्या, उंच चाकांच्या सरकारी गाडीस लावले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या वृत्तांतांत ‘जीप’ असा उल्लेख असला, तरी ते वाहन विलिस बनावटीचेच होते असे गृहीत धरता येत नाही.

१९४९ मध्ये पूर्ण बांधणीच्या गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये जकात आयोगाने अशी शिफारस केली, की ज्यांच्याकडे भारतात निर्मिती करण्याचा क्रमबद्ध कार्यक्रम असेल त्यांनाच या व्यवसायात राहू द्यावे. सरकारने ती स्वीकारली. जनरल मोटर्स व फोर्ड यांना भारतातील लहान बाजारपेठेसाठी पूर्ण निर्मितीत भांडवल गुंतविणे परवडणारे वाटले नाही. १९५४ पर्यंत दोघांनीही येथील जुळणी बंद केली. वालचंद यांचे आदल्याच वर्षी निधन झाले होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या तत्त्वासाठी खर्ची पडला, ते तत्त्व सरकारी धोरण बनले. मात्र त्यामुळे मोठ्या अमेरिकन गाडीचाच अंत झाला. प्रीमियरने इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य केले व १९५४ पासून फियाट ११०० या लहान गाडीकडे लक्ष वळविले. पेट्रोलचा खर्च, परकीय चलनाची टंचाई आणि मध्यमवर्गाची ऐपत या तिन्ही दृष्टींनी ती सोयीची होती.

येथे प्रदेशासंबंधी एक खुलासा आवश्यक आहे. ‘महाराष्ट्रात त्या काळी अमेरिकन गाड्या धावत’ असे सरसकट विधान केले जाते, परंतु मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथील रस्तावाहतुकीचा इतिहास निराळा आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी आपला रस्ता-वाहतूक विभाग सुरू केला व त्यासाठी स्कॉटलंडमधील ॲल्बियन कंपनीची वाहने घेतली. औंढा नागनाथ हे तीर्थक्षेत्र आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी हा जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला; तत्पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. अशा गावाच्या वाहतुकीसंबंधी लिहिताना मुंबईच्या शिवडी-कुर्ल्याचे दाखले लावून चालत नाही. हैदराबादची दप्तरे पाहावी लागतात. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. बेडफर्ड हे नाव ब्रिटिश असले, तरी ती कंपनी जनरल मोटर्सच्या मालकीची होती. राष्ट्रीयत्व ठरविण्याची कसोटी मालकी मानावी की कारखान्याचे ठिकाण, हा प्रश्न येथेही उद्भवतो.

मसल कार : अमेरिकन मोटारीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला कालखंड मुंबईतील जुळणी बंद झाल्यानंतरचा आहे. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त, दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचे शक्तिशाली व्ही-८ एंजिन बसवून जी गाडी तयार होते, तिला मसल कार असे म्हणतात. १९४९ ची ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ व १९५५ ची ३०० अश्वशक्तीची क्राइस्लर सी-३०० यांना तिच्या पूर्वज मानले जाते. तथापि हा प्रकार रूढ केला तो पाँटिॲक जीटीओ या गाडीने. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा (सु. ५·४ लिटर) मोठे एंजिन बसविता येत नसे. जॉन डीलॉरियन व त्यांचे सहकारी यांनी या नियमास बगल देण्यासाठी ३८९ घन इंचांचे (सु. ६·४ लिटर) एंजिन स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर ल मान्स या गाडीवर जादा पैसे भरून घ्यावयाचा पर्याय म्हणून देऊ केले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. पाठोपाठ शेव्हरोले शेव्हेल, डॉज चार्जर, प्लिमथ रोडरनर इ. गाड्या आल्या. १९७० मध्ये शेव्हेलच्या ४५४ घन इंचांच्या एंजिनाची शक्ती ४५० अश्वशक्ती अशी जाहीर करण्यात आली. त्यानंतर विम्याचे वाढते दर, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हा प्रकार झपाट्याने मावळला.

जीटीओ बाजारात आली त्याच सुमारास, १९६४ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून १,०८९ घ. सेंमी. क्षमतेची व सु. ४० अश्वशक्तीची फियाट ११०० डी बाहेर पडू लागली. या एका तुलनेवरून दोन्ही देशांच्या मोटार उद्योगांच्या वाटा किती भिन्न झाल्या होत्या याची कल्पना येते. मसल कार मुंबईत कधीही जोडली गेली नाही. मुंबईत आढळणाऱ्या जुन्या डॉज व प्लिमथ गाड्यांचा केवळ नामसादृश्यामुळे चार्जर किंवा रोडरनर यांच्याशी संबंध जोडला जातो, तो निराधार आहे. फोर्ड मस्टँग भारतात अधिकृतपणे विकली जाऊ लागली ती २०१६ मध्ये, आणि तीही आयात केलेली. काटेकोर अर्थाने मस्टँग ही मसल कारही नव्हे. एप्रिल १९६४ मध्ये आलेली ही आटोपशीर गाडी अमेरिकेत ‘पोनी कार’ या वेगळ्या वर्गात घातली जाते.

मसल कारच्या इतिहासात तथ्ये तपासण्याची जी पद्धत विकसित झाली, ती मुंबईच्या गाड्यांनाही मार्गदर्शक ठरते. अमेरिकेत गाडीचे ‘वर्ष’ आदल्या शरद ऋतूत सुरू होते. १९६४ ची जीटीओ १९६३ च्या उत्तरार्धातच विक्रीस आली होती. शक्तीच्या आकड्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. १९७१ पर्यंत कंपन्या एंजिन बाकावर ठेवून, पंखा, धुराडे व इतर जोडसाहित्य यांचा भार न धरता मोजलेली स्थूल अश्वशक्ती जाहीर करीत. १९७२ पासून गाडीत बसविलेल्या स्थितीतील निव्वळ अश्वशक्ती देण्याचा प्रघात पडला. संक्रमणाच्या वर्षी, १९७१ मध्ये, शेव्हरोलेच्या एकाच ४५४ घन इंचांच्या एंजिनासाठी ३६५ स्थूल व २८५ निव्वळ असे दोन आकडे आढळतात. एंजिन तेच, माप वेगळे. १९७२ मध्ये गाड्यांची शक्ती एकाएकी कोसळली असे जे लिहिले जाते, त्यात म्हणूनच अर्धेच सत्य आहे. संपीडन गुणोत्तर कमी केल्याने शक्ती घटली खरी, पण आकड्यांतील घटीचा मोठा भाग मोजणीच्या बदलाचा आहे. याउलट विम्याचा दर व शर्यतींतील वर्गवारी लक्षात घेऊन काही एंजिनांची शक्ती मुद्दाम कमी सांगितली गेली, असे अभ्यासक मानतात.

क्रमांकांचाही असाच प्रश्न आहे. सतरा चिन्हांचा एकसारखा वाहन-ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून आला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९६४ व १९६५ ची जीटीओ हा केवळ पर्याय असल्याने तिच्या सांगाड्याच्या क्रमांकावरून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळत नाही. १९६६ पासून तिला स्वतंत्र मालिकाक्रमांक मिळाला. दोहोंच्या किमतींतील तफावत मोठी असल्याने साध्या गाडीवर चिन्हे चढवून ती जीटीओ म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे कारखान्याची मूळ विक्रीपत्रे व एंजिनावर ठोकलेले आकडे यांस पुराव्याचे मूल्य आले आहे.

महाराष्ट्रातील गाड्यांच्या बाबतीत एंजिनाच्या क्रमांकाची कसोटी मात्र जशीच्या तशी लावता येत नाही. पेट्रोल महागल्यावर अनेक डॉज व प्लिमथ गाड्यांची मूळ एंजिने काढून त्यांत डिझेल एंजिने बसविण्यात आली. ती संग्राहकाच्या दृष्टीने हानी असली, तरी त्या बदलामुळेच त्या गाड्या भंगारात न जाता आणखी वीस-तीस वर्षे लग्नाच्या वराती, टॅक्सी व खेड्यापाड्यांतील प्रवासी वाहतूक यांसाठी रस्त्यावर राहिल्या. अशा गाडीला ‘बनावट’ म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा बदल नोंदविणे हे इतिहासकाराचे काम आहे, लपविणे मालकाला सोयीचे असले तरी. नोंदणीपुस्तकातील तारीख ही त्या गाडीच्या पहिल्या नोंदणीची असते, आणि पेट्या जहाजातून येऊन जुळणी व विक्री होईपर्यंत बरेच महिने लोटत. जुने क्रमांक बदलून नवे घेतलेले असतील, तर माग आणखी अवघड होतो. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या पद्धतीतील ‘एमएच’ अक्षरांवरून गाडीच्या वयाचा बोध होत नाही. वृत्तपत्रे कोणत्याही जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणतात, त्यानेही भर पडते. ब्रिटनमधील रूढ वर्गीकरणात ही संज्ञा १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरती मर्यादित आहे.

भारत सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आणले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि सांगाडा, साटा किंवा एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या खाजगी वाहनास व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. डिझेल एंजिन बसविलेली किंग्जवे या व्याख्येत बसत नाही. ज्या फेरबदलाने ती टिकली तोच आता तिच्या मान्यतेच्या आड येतो.

अमेरिकन गाड्यांची जागा घेणाऱ्या फियाटला १९७० नंतर भारतीय नाव मिळाले व १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ते रूपच बनले. तिचे उत्पादन सु. २००० मध्ये थांबले. मात्र टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ या तारखेची होती. २० वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून बाहेर पडली. तिचा शेवट सांगताना उत्पादनाचे वर्ष, नोंदणीचे वर्ष व निवृत्तीचे वर्ष अशी तीन वर्षे वेगवेगळी द्यावी लागतात. जनरल मोटर्सने मधल्या काळात पुन्हा महाराष्ट्रात येऊन २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे शेव्हरोले गाड्यांचा कारखाना काढला. तेथे जुळणी नव्हे, तर निर्मिती होत असे. कंपनीने भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबविली व तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले.